डावीकडचा जादा पाटा

४ फेब्रुवारी

चि. छोट्या,

आशीर्वाद. "पत्र लिहिण्यास कारण की" हा भाग गाळतो. कारण नसताना मी तुला लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि कारण असले तरी तू उत्तर देत नाहीस हे मला.

आपल्या गाडीला पंचवीस वर्षे झाली. 'आपल्या' हा शब्द सवयीने पडला. गाडी त्यांची. तू तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे केलेस आणि मी तिची वापर-पुस्तिका लिहिली, एवढेच आपले नाते. तर या पंचविशीनिमित्त कंपनी संग्रहालय काढते आहे. जुन्या रंगकामाच्या शेडमधली पिंपे हलवली, भिंतींना पांढरा हात मारला. वास मात्र जुन्या नोकरासारखा चिकटून बसला आहे. आत पहिली गाडी उभी राहील, भोवती मखमली दोर येईल आणि दाराशी विकायला एक पुस्तक ठेवतील. पुस्तकात गाडीच्या घडणीचा इतिहास, अथपासून. तो मी लिहायचा आहे.

धाकट्या मालकांनी बोलावून घेतले. थोरल्यांच्या खुर्चीत आता ते बसतात. खुर्ची बदलावी लागली नाही. शरीराने पोरगा बापावर गेला आहे. बुद्धीनेही गेला आहे, पण ते खुर्चीच्या मापात येत नाही.

"पंडितजी," मला म्हणाले. (कारखान्यात मी अजून पंडितजीच आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला काय म्हणावे हे कळले नाही की लोक असे काहीतरी म्हणतात.) "इतिहास लिहा, पण वाचवेल असा लिहा."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे फोटो जास्त."

मी मान डोलावली. तेवढ्यात त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर एकच वाक्य होते, जसेच्या तसे घालायचे म्हणून. ते उतरवून देतो:

"सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये एका कनिष्ठ अभियंत्याच्या हिशोबातील चुकीमुळे राहिलेला झुकाव थोरल्या मालकांनी स्वतः लक्ष घालून दूर केला."

कनिष्ठ अभियंता म्हणजे तू. नाव घातलेले नाही, पण कारखान्याच्या फाटकाबाहेरचे शेंबडे पोरही नाव सांगेल. तेव्हा तोंडी म्हणून तुला घालवले. आता तेच छापून, जाड कागदावर, रंगीत चित्रांसह, येणाऱ्या-जाणाऱ्याला विकणार आहेत.

मी हे होऊ देणार नाही. त्यासाठी मला तुझ्याकडून फार थोडे हवे आहे. तू तेव्हा विरोध केला होतास. केलाच असशील, माझा भाऊ आहेस. इतकी वर्षे मी हे दहा जणांना छातीठोकपणे सांगत आलो, पण तपशील कधी विचारला नाही, कारण तू विचारायला समोर राहिलाच नाहीस. आता सांग. कोणाला म्हणालास, कुठे उभा राहून म्हणालास, काय म्हणालास. त्यांचे वाक्य मी काढतो आणि तिथे तुझे घालतो.

दोन ओळी पुरेत. तू अभियंता आहेस, अलंकाराची अपेक्षा नाही.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

चि. छोट्या,

उत्तर नाही. टपालखाते सुस्त आहे असे मी वहिनीला सांगितले. ती "हं" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. तिचे "हं" तुला आठवत असेल. त्यापुढे माझे सगळे शब्दभांडार लंगडे पडते.

तुला आठवावे म्हणून इतिहास जसजसा लिहून होतो आहे तसा थोडा कळवतो. छापील इतिहास वेगळा असेल. हा खरा.

प्रारंभी थोरल्या मालकांची परदेशी गाडी बंद पडली. ते रस्त्याकडेला उभे राहिले, आणि त्यांच्यापुढून आपल्याच कंपनीचा छोटा ट्रक कोबी घेऊन निघून गेला. त्या अपमानातून गाडीचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी फर्मावले, "मोठ्या माणसांनी बसावं अशी गाडी आपण करायची." चालवावी अशी नव्हे, बसावे अशी. पुढचे सगळे शास्त्र या एका क्रियापदातून निघाले.

इंजिन त्याच कोबीच्या ट्रकचे घेतले. आवाज यायचा म्हणून बॉनेटच्या आत नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, कोंबला. नमदा तापला की वास यायचा, म्हणून मागच्या बाजूला अत्तराची कुपी ठेवायला खोबण केली. जाहिरातीत खोबणीचा फोटो आला. नमद्याचा आला नाही.

मग मातीचा नमुना. पुऱ्या मापाची, मातीने लिंपलेली गाडी. कारागिरांनी महिनोन्महिने हाताने गुळगुळीत केलेली. थोरले मालक पाहायला आले आणि म्हणाले, "बसून बघतो." मातीच्या गाडीत बसता येत नाही हे त्यांना समजावायला सगळे खातेप्रमुख कामी आले. ते ऐकले, पण दमून मागच्या मडगार्डला टेकले. माती दबली. तो खळगा बुजवायची छाती कोणाची होईना, कारण बुजवायचा म्हणजे कशाचा आहे ते बोलावे लागले असते. साचा खळग्यासकट निघाला. आज जुन्या गाड्यांचे शौकीन त्या खळग्यावरून बोट फिरवतात आणि त्याला 'राजेशाही कंबर' म्हणतात. मी स्वतः ऐकले आहे. हसू आवरायला मला पाण्याच्या टाकीमागे जावे लागले.

आता तुझा अध्याय. जगभर गाडी तपासताना प्रत्येक सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवतात. आपल्याकडे पोती लागली नाहीत. थोरले मालक होते. रोज सकाळी बंगला ते कारखाना आणि संध्याकाळी कारखाना ते बंगला, हीच चाचणी. रस्ता त्यांच्यासाठीच डांबर ओतून गुळगुळीत केलेला, त्यामुळे गाडीला खड्डा म्हणजे काय हे पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत कळले नाही. ते बसायचे मागे डावीकडे. त्यांच्या शेजारी बसायची कोणाची टाप नव्हती, म्हणून मागची उजवी बाजू कायम रिकामी. गाडी डावीकडे कलायची. ते म्हणाले, "मी बसलो की ही झुकते. मी बसल्यावर सरळ पाहिजे."

आणि मागच्या डाव्या चाकावर एक पाटा जादा पडला. मालक बसले की गाडी सरळ. मालक उतरले की उजवीकडे कललेली, जशी काही कोणाच्या कानात कुजबुजते आहे. तशाच गाड्या कारखान्यातून बाहेर पडायला लागल्या. बाहेरच्या जगात काही मोठी माणसे किडकिडीत असतात, काही उजवीकडे बसतात, काहींना तर बायकाही असतात, हा विचार त्या इमारतीत कोणाला शिवला नव्हता.

तक्रारी आल्यावर मला पुस्तिकेत खुलासा करायला सांगितले. मी लिहिले: "गाडी रिकामी असताना किंचित उजवीकडे झुकलेली दिसल्यास तो दोष समजू नये, मान्यवर प्रवासी स्थानापन्न होताच ती समतोल धारण करील." थोरल्या मालकांना वाक्य फार आवडले. उपहास हा प्रकार त्यांच्या अंगाला लागत नसे. पाण्याला आणि विनोदाला सारखाच दाद न देणारा रंग असतो काही माणसांचा.

तर अशा मंडळींसमोर तू एकटा उभा राहून नाही म्हणालास, हे मला शब्दांत हवे आहे. बाकी सगळे हुजरे होते. तू सोडून. ते लिहिल्याशिवाय माझा इतिहास पुरा होत नाही.

वहिनी म्हणते, जोर करू नका. मी कुठे जोर करतो आहे?

दादा


८ मार्च

चि. छोट्या,

तुझे मौन आता ग्रंथरूप घेऊ लागले आहे. खंड दुसरा मिळाला, आभारी आहे.

इकडे पहिली गाडी बाहेर काढली. मिस्त्रीने तिची धूळ झाडली, पाण्याची नळी बदलली, आणि ती शेडच्या मध्यावर उभी केली. प्रसिद्धीवाल्या बाई आल्या. ही नवी जात आहे. यांना गाडीतले काही कळत नाही आणि त्याचा त्यांना पगार मिळतो. बाईंनी मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"ही वाकडी का दिसते?"

"वाकडी नाही मॅडम," मिस्त्री म्हणाला. "वाट बघतेय."

"कोणाची?"

"ज्याच्यासाठी केली त्याची."

बाईंनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्याला यात दुसरे काही वाटत नाही. त्याची गंमत होते आणि चहा येतो.

धाकटे मालक म्हणाले, सरळ करा. मिस्त्री म्हणाला, पाटा काढावा लागेल. जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले होते, ते किंचाळलेच: एक पाटा काढलात तर गाडी अस्सल राहणार नाही, मग तिची किंमत भंगाराची. तेव्हा ठरले की उद्घाटनाच्या दिवशी मागच्या डाव्या सीटवर वाळूचे पोते ठेवायचे, म्हणजे लोकांना सरळ दिसेल. पंचवीस वर्षांपूर्वी शोरूममध्ये हेच करायचे. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

संधी साधून मी वाक्याचा विषय काढला.

"साहेब, त्या कनिष्ठ अभियंत्याचं काढूया."

"का? नाव कुठेय त्यात? कोणीही असेल."

"तसा तो एकच होता. बाकी सगळे वरिष्ठ होते."

ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट. "पंडितजी, तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्हाला लागतं. मी समजू शकतो. पण तेव्हा कोणीतरी चुकलंच ना? बाबा तर चुकणार नाहीत."

"त्याने विरोध केला होता."

"असं तो म्हणतो?"

"म्हणेल."

"मग आणा की त्याच्याकडून. त्यानं स्वतः सांगितलं तर घालीन मी. आपलं काय, खरं असेल ते छापायचं."

ऐकलेस? खऱ्याबद्दलची ही उदारता आजवर मी या इमारतीत पाहिली नव्हती. तिचा उपयोग कर. पुस्तक उद्घाटनानंतर लगेच छापायला जाईल, समारंभाचे फोटो आले की.

आणखी एक. ते पोते ठेवायला निघाले तेव्हा मी सहज म्हणालो की सीटचे चामडे जुने आहे, वाळूच्या वजनाने उसवेल. जाणकार पुन्हा किंचाळले. पोते रद्द झाले. तेव्हा उद्घाटनाला गाडी जशी आहे तशीच, कलून उभी राहील. सगळ्या वार्ताहरांपुढे, विक्रेत्यांपुढे. कोणीतरी विचारेलच का, आणि मग मी सांगीन. तुझे शब्द तोवर हातात आले तर सोन्याहून पिवळे. अगदी तारेच्या भाषेत लिही: "विरोध केला. ऐकला नाही. गेलो." मी चालवून घेईन.

तुझा,
दादा


२७ मार्च

चि. छोट्या,

बस. पाणी पी. मग वाच.

काल उद्घाटन झाले. मखमली दोर, पिवळे दिवे, खुर्च्यांच्या रांगा. मधोमध गाडी, उजवीकडे कललेली, निर्लज्ज. पहिल्या रांगेतले जुने विक्रेते एकमेकांना कोपराने ढोसत होते. एक वार्ताहर मुलगी कॅमेरा तिरका धरून पाहत होती, म्हणजे निदान फोटोत तरी सरळ येईल का. मी भिंतीला टेकून उभा होतो. इतका प्रसन्न मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

भाषण झाले. गाडीची कल्पना थोरल्या मालकांना एका चिठ्ठीवर रेघा मारता मारता सुचली, असे त्यात होते. कोबी नव्हता. मग फोटोवाले ओरडले, "सर, आत बसा ना! आत!"

सर मागचे दार उघडून, डावीकडे, आत बसले.

गाडीने कर्र असा लांब उसासा सोडला आणि ती सरळ झाली. अगदी ओळंब्यात. तू ज्या वजनासाठी पाटा घातला होतास ते वजन वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जसेच्या तसे आले आहे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही, याची मला शरम वाटते.

मी मनात म्हटले, झाले, उघडे पडले. एका कुटुंबाच्या वजनावर बेतलेली गाडी यांनी जगाला विकली, हे आता आंधळ्यालाही दिसले. पुढे सरसावणार, तोच एक म्हातारा विक्रेता उठून टाळ्या वाजवू लागला. मग सगळेच. धाकटे मालक खिडकीतून बाहेर पाहत होते आणि, छोट्या, त्यांचे डोळे भरून आले होते.

"ओळखते," ते म्हणाले. "बाबांना अजून ओळखते ही!"

बायका रडल्या. पुरुषांनी चष्मे पुसले. प्रसिद्धीवाल्या बाई धावत माझ्याकडे आल्या: "हे तुम्हाला माहीत होतं? सांगितलं का नाहीत? केवढी स्टोरी आहे!" मी सत्य उघडे पाडायला गेलो आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. या लोकांचा अपमान करणे शक्य नाही. मी आयुष्यभर प्रयत्न केला आहे.

आणि आता तुझे. आज सकाळी मला बोलावून ते वाक्य रद्द केले. नवे दिले:

"एका तरुण, निष्ठावान अभियंत्याने थोरल्या मालकांचे वजन मनात साठवून तो पाटा घडवला, आजही गाडी आपल्या धन्याची वाट पाहते."

खाली तुझे पूर्ण नाव हवे आहे. फोटो हवा आहे. तुला बोलावून सत्कार करायचा आहे. काल तू गाढव होतास, आज हनुमान झालास. मधल्या मध्ये माणूस व्हायची सोय त्यांनी ठेवली नाही.

मी म्हणालो, "साहेब, त्याला विचारतो." ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात? कोणाला आवडणार नाही?"

मला उत्तर दे, छोट्या. चूक छापली असती तर तुझी बदनामी झाली असती. हे छापले तर त्यांच्या हुजऱ्यांच्या यादीत सर्वांत वर तुझे नाव लागेल, आणि तू ते आयुष्यात कधी नव्हतास. तुझ्या विरोधाचे शब्द मला हवेत. आता फार थोडे दिवस आहेत.

दादा


२९ मार्च

छोट्या,

तुझा फोन आला तेव्हा मी घरात होतो. खिडकीशी, खुर्चीत. तू वहिनीला विचारलेस "दादा आहे का?" आणि ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाहीत, बाहेर गेलेत." लग्नाला इतकी वर्षे झाली, पण माझ्या तोंडावर माझ्याविषयी खोटे बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहिले. सफाईने बोलली.

मग मी तिची अर्धी बाजू ऐकली.

"अरे, रडू नकोस आधी... हो, दाखवली वाचून मला, सगळी पत्रं... नाही रे, ते तसेच लिहितात... जेवतोस का नीट?... मी सांगू का त्यांना?... कधीतरी सांगावंच लागेल ना?... बरं. बरं. सांगते."

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. हातात लसूण होता, तो सोलत राहिली.

"अहो, त्यानं विरोध केलाच नव्हता."

मी म्हणालो, "कोणी?"

"त्यानं. थोरल्या मालकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू करशील हे. त्याला आभाळ ठेंगणं झालं. गाडी काही एकट्या माणसासाठी नसते, हे कळत होतं त्याला. बोलला नाही. पाटा बसवून दिला."

"हे तुला कधी कळलं?"

"तो गेला त्याच वर्षी."

"आणि मला?"

तिने लसूण खाली ठेवला. तू तिला ओळखतोस. ती कोणाला टाकून बोलत नाही. "तुम्हाला कोण सांगणार?" ती म्हणाली. "रात्री जेवताना तुम्ही कारखान्यातल्या एकेकाला कसं सोलायचा ते तो रोज समोर बसून ऐकायचा. हसायचाही तुमच्याबरोबर. मग स्वतःवर वेळ आली. आपल्याला काय ऐकावं लागेल हे त्याला तोंडपाठ होतं."

आणि मग कळले की तू तिच्याशी दर महिन्याला बोलतोस. इतकी वर्षे! माझ्या घरात, माझ्या फोनवर, मी बाहेर पडलो की. टपालखात्याला मी उगाच शिव्या दिल्या.

या पत्राचे मी आधी चार आरंभ केले. पहिल्यात तुला हुजऱ्या म्हटले. दुसऱ्यात त्याहून नेमका शब्द सापडला, संस्कृतात, आणि इतका चपखल की मला स्वतःचेच कौतुक वाटले. वहिनीला वाचून दाखवावा म्हणून हाक मारली आणि ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी काहीच वाचले नाही. म्हणालो, "चहा असेल तर बघ."

काय आहे ते सांगतो. इतकी वर्षे या लोकांना मी तुच्छ लेखत आलो ते तुझ्या खांद्यावर उभे राहून. आमच्यातला एक तरी नाही म्हणाला, असे मी स्वतःशी म्हणायचो आणि मग मला बाकीच्यांवर थुंकायचा हक्क मिळायचा. आता तू म्हणतोस की खांदा नव्हताच. मग मी कशावर उभा होतो?

राग आला आहे. अजून आहे. पण कोणाचा, ते ठरत नाही.

एवढेच विचारतो: मी खरेच इतका भयंकर आहे का? उत्तर वहिनीकडून पाठवू नकोस. मला दे.

दादा


११ एप्रिल

प्रिय छोट्या,

तुझे पत्र पोहोचले. एकच शब्द होता, "हो", आणि खाली सही. माझ्या मागणीप्रमाणे, तारेच्या भाषेत. वाचून मी हसलो. वहिनी आतून धावत आली, तिला वाटले मला काही झाले.

फोनवर तू तिला म्हणाला होतास की नाव नको आणि ती स्तुतीही नको. मान्य. पण रिकामी जागा सोडायची सवय मला नाही. मी माझे वाक्य लिहिले आणि धाकट्या मालकांपुढे ठेवले. ते असे:

"मागच्या डाव्या चाकावरचा जादा पाटा माझ्या धाकट्या भावाने बसवला. तो चुकीचा आहे हे त्याला कळत होते. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि ते सांगावे असा माणूस त्याला ना कारखान्यात मिळाला, ना घरात."

त्यांनी दोनदा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हलले असावे असे मला वाटले. कदाचित त्यांनाही घरी काही सांगायचे राहिले असेल, वडील तसे मोठे गृहस्थ होते. पण ते क्षणभरच.

"पंडितजी, हे जरा... घरगुती आहे. इतिहासात कसं घालणार?"

"मग तुमचेही घालू नका."

"का पण? तुमच्या भावाचं चांगलं होतंय त्यात."

"त्याला नको आहे."

"नको?" त्यांना खरोखर समजले नाही. मी समजावण्यासाठी तोंड उघडले. जिभेवर एक वाक्य अगदी तयार होते, धार लावलेले, पंचवीस वर्षांचे मुरलेले. ते मी गिळले. पोटात अजून टोचते आहे. म्हणालो, "नको म्हणाला तो, साहेब. बाकी काही नाही."

शेवटी दोन्ही वाक्ये गेली आणि भांडण नको म्हणून त्यांच्यासोबत पाट्यांचे अख्खे प्रकरणच गेले. पुस्तक छापून आले आहे. कागद उत्तम, फोटो भरपूर. गाडी चाकांवर थेट टेकलेली आहे, मध्ये काहीच नाही. ती धावली कशी हा प्रश्न कोणाला पडणार नाही, कारण वाचणार कोणी नाही. लेखक म्हणून माझे नाव छापू नका, असे मी सांगितले. ते म्हणाले, तसेही छापणार नव्हतो.

तुला पुस्तक पाठवत नाही. तू त्यात नाहीस. गाढव म्हणून नाही की हनुमान म्हणून नाही. एवढे मला करता आले.

शनिवारी मी आणि वहिनी तुझ्याकडे येतो आहोत. तिकिटे काढली. पत्ता तिला पाठ आहे. मला आहे असे मला वाटत होते, ते तुझे मागचे बिऱ्हाड निघाले. सामान फार नाही. तिने तुझ्यासाठी स्वेटर विणला आहे, माप फोनवर घेतलेले, म्हणजे एक बाही आखूड असणार. माझ्याकडून काही नाही. काय आणावे ते सुचले नाही. पंचवीस वर्षांनंतर माणसाच्या आवडी काय असतात हे कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही.

तिने मला एक अट घातली आहे. तुझ्या दारात शिरल्यापासून चहा पुढ्यात येईपर्यंत मी तोंड उघडायचे नाही. तू बोलायचे, मी ऐकायचे. मध्ये "हं" सुद्धा नाही, तो तिचा हक्क आहे. मी कबूल केले आहे.

तेव्हा चहा लवकर टाकू नकोस.

तुझा,
दादा